ग्रीक अणुवादाचा उगम : एलियाच्या आक्षेपांना दिलेले उत्तर

पाश्चात्य तत्त्वज्ञानाच्या उत्तरपत्रिका तपासताना ‘डेमोक्रिटसने अणूचा शोध लावला’ हे विधान हमखास वाचावयास मिळते. ‘शोध’ म्हटले की प्रयोग व उपकरणे डोळ्यांसमोर येतात आणि इ.स.पू. पाचव्या शतकातील विचारवंत डाल्टनचा पूर्वज ठरतो. वास्तविक अणुवाद हा मुळात एका तार्किक पेचावरील तोडगा होता, हे प्रस्तुत निबंधात मांडावयाचे आहे.

हा पेच दक्षिण इटलीतील एलिया या ग्रीक वसाहतीत निर्माण झाला. जे आहे ते आहे. जे नाही त्याचा विचारही संभवत नाही, असे पार्मेनिडीझने प्रतिपादिले. अभावातून काहीच उपजत नसेल तर उत्पत्ती, विनाश व परिवर्तन हे सारे भासच ठरतात. झेनोने त्यात भर घातली : वस्तू अनंत वेळा विभागता येत असेल तर तिच्या भागांना आकारमान असो वा नसो, दोन्ही पक्षी विसंगतीच पदरी पडते. अथेन्सविरुद्धच्या युद्धात सामोसच्या आरमाराचे नेतृत्व करणारा मेलिसस याच परंपरेतला. गतीसाठी पोकळी हवी, पोकळी म्हणजे अभाव, म्हणून गती नाही, हा युक्तिवाद त्याचा. ‘अनेक’ वस्तू असत्या तर त्यांतील प्रत्येक वस्तू त्या ‘एका’सारखीच नित्य व अविकारी असावी लागली असती, असेही तो म्हणाला. अनेकत्वाची कल्पना किती असंभाव्य आहे हे दाखविण्यासाठी त्याने हे म्हटले होते.

ल्युसिपस आणि त्याचा अनुयायी, थ्रेसमधील अब्डेराचा डेमोक्रिटस (जन्म इ.स.पू. सुमारे ४६०) यांचा सिद्धान्त पाहिला की हीच अट त्यांनी जणू मान्य करून टाकली, असे दिसते. (मेलिसस आधी की ल्युसिपस, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.) त्यांचा प्रत्येक अणू म्हणजे पार्मेनिडीझचे ‘सत्’च, मात्र अतिसूक्ष्म व संख्येने अनंत : अनुत्पन्न, अविनाशी, अंतर्यामी भरीव आणि म्हणूनच अच्छेद्य. झेनोची विभाजनाची साखळी येथे तुटते. खरे धाडस मात्र पोकळीबाबतचे आहे. ‘असत्’ हेही ‘सत्’प्रमाणेच अस्तित्वात आहे, असे त्यांनी म्हटले. ल्युसिपसने पोकळीविना गती नाही हे एलियाच्या विचारवंतांना मान्य केले आणि गती व अनेकत्व इंद्रियानुभवास बहाल केले, असे ॲरिस्टॉटल सांगतो. अणूंमधील भेद आकृती, क्रम व स्थिती यांचा. यासाठी ॲरिस्टॉटलने अक्षरांचा दृष्टान्त दिला आहे : अल्फा आणि न्यू ही अक्षरे आकृतीने वेगळी, अल्फा-न्यू व न्यू-अल्फा यांत फरक केवळ क्रमाचा.

आपल्याकडे येथे कणादाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. परंतु वैशेषिकांच्या पार्थिव परमाणूस गंध असतो, डेमोक्रिटसच्या अणूस गंध, रस, रंग यांपैकी काहीच नसते. प्रथम कोण, या चर्चेत हा भेद बहुधा हरवतो.

साधनांविषयी सावध राहणे भाग आहे. ल्युसिपसचे एकच वाक्य आज उपलब्ध आहे. डेमोक्रिटसच्या अनेक ग्रंथांची यादी डायोजिनीस लाएर्टियसने जपली, पण त्यांतील एकही ग्रंथ अखंड उरलेला नाही. जी अवतरणे उरली ती बहुतांशी नीतिपर. परिणामी त्याचे भौतिक विचार आपण मुख्यतः ॲरिस्टॉटल या प्रतिपक्षाच्या तोंडून ऐकतो, आणि अणुवाद हे एलियाला दिलेले उत्तर होय, ही मांडणीही त्याचीच. तरीही प्रस्तुत लेखकास ती ग्राह्य वाटते. कारण मेलिससचे ते विधान ॲरिस्टॉटलच्या सारांशावर अवलंबून नाही, इ.स. सहाव्या शतकातील भाष्यकार सिम्प्लिशियस याने ते मेलिससच्याच शब्दांत उतरवून ठेवले आहे.