श्रीगोविंदप्रभुचरित्रांतील ‘वेड’ : निदान कीं साक्ष ?

महानुभाव पंथाच्या पंचकृष्णांपैकीं एक जे श्रीगोविंदप्रभु, त्यांचें म्हाइंभटकृत चरित्र डॉ. वि. भि. कोलते यांनीं १९४४ सालीं संपादून प्रसिद्ध केलें. ऋद्धिपूरचे लोक प्रभूंस ‘राऊळ’ म्हणत, तसेंच वेडे व पिसेही म्हणत. त्यांचें आपल्याशींच हंसणें, मूर्तींशीं बोलणें, लहान मुलांप्रमाणें खेळणें व अकस्मात् रागावणें हीं वर्णनें वाचून अमुक मनोविकाराचें नांव सुचावें हें स्वाभाविक आहे. आम्हींही पूर्वीं टांचण करतांना समासांत असें एक नांव लिहून ठेविलें होतें. तें आज खोडतों. कां खोडतों, हें सांगणें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु.

प्रथम शब्दांचा विचार करूं. ‘पिसे’ हा शब्द पिशाचाशीं नातें सांगतो. ‘वेडे’ हा त्याहून व्यापक आहे. वैद्यकाची परिभाषा निराळी. चरकसंहितेंत उन्मादाचे पांच प्रकार सांगितले असून त्यांपैकीं ‘आगंतु’ हा देव, गंधर्व, पिशाच इत्यादिकांमुळें होणारा मानिला आहे. आज रूढ असलेलें ‘स्किझोफ्रेनिया’ हें नांव तर ब्लॉयलर यांनीं १९०८ सालीं योजिलें. तें तेराव्या शतकांतील गांवकऱ्यांच्या बोलण्यावर चिकटविणें म्हणजे एका काळाचें नाणें दुसऱ्या काळाच्या बाजारांत चालविणें होय.

दुसरा प्रश्न साक्षीदारांचा. म्हाइंभटांनीं लीळा मिळविल्या त्या प्रभूंच्या सेवेंत राहिलेल्या मंडळींकडून. त्यांच्या दृष्टीनें तो ईश्वराचा व्यापार होता, आणि जें लीळा म्हणून लक्षांत राहिलें तेंच नोंदिलें गेलें. प्रभूंच्या अंतरांत काय चाललें होतें हें सांगणारा त्यांच्या हातचा एकही कागद नाहीं. गांवकऱ्यांची साक्षही निःपक्ष म्हणतां येत नाहीं. राऊळ महार-मांगांच्या घरीं जातात व तसेच दीक्षितांच्या घरांत शिरतात, ही त्यांची कुरकूर चरित्रांत आली आहे. ही तक्रार रोगाची नव्हे, विटाळाची आहे. ज्या गांवांत ही कुरकूर चालू होती त्याच गांवांत ‘वेडे’ हा शब्दही चालू होता. तेव्हां त्या शब्दांत रोगाची ओळख किती व आचारभंगाचा उलगडा किती, हें वेगळें काढतां येत नाहीं.

मग ह्या ग्रंथावरून वेडाविषयीं कांहींच कळत नाहीं काय ? तसें नाहीं. ज्यास लोक वेडा म्हणत असा पुरुष गांवांत मोकळा हिंडतो, घरोघरीं जेवतो, कोणाचा बोल खातो व कोणास मायबाप वाटतो, ह्याची इतकी बारीक नोंद मराठींत दुर्मिळ आहे. ग्रंथ रोग्याविषयीं मुका असेल. समाजाविषयीं तो बोलका आहे.

स्वतःची साक्ष उपलब्ध असली तरी सावधपणा सुटत नाहीं. जर्मनींतील न्यायाधीश श्रेबर यांनीं आपल्या आजाराच्या आठवणी १९०३ सालीं प्रसिद्ध केल्या. त्यापूर्वीं १९०२ सालीं न्यायालयांत झगडून त्यांनीं आपलें स्वातंत्र्य परत मिळविलें होतें. फ्रॉइड यांनीं १९११ सालीं त्यांच्यावर जो विख्यात निबंध लिहिला, तो त्यांस न भेटतां, त्या पुस्तकाच्या आधारें. पुढें कित्येकांनीं निबंधच वाचला, व मूळ लेखकाचा आवाज मागें पडला. भाष्यानें मूळ झांकल्याचीं उदाहरणें पोथ्यांच्या अभ्यासकांस नवीन नाहींत.

म्हणून संग्राहकांस आमची एक विनंती आहे. १८५८ च्या कायद्यानंतर वेड्यांच्या इस्पितळांसंबंधीं जे सरकारी कागद झाले, त्यांत बहुधा मॅजिस्ट्रेट व डॉक्टर बोलतात. आंत राहिलेला मनुष्य क्वचितच. त्याचें बोलणें असलेंच तर घरच्या रुमालांत, एखाद्या पत्रांत वा वहीच्या पाठकोऱ्या पानावर असण्याचा संभव. असा कागद हातीं आल्यास ‘वेड्याचें लिखाण’ म्हणून बाजूस टाकूं नये. अक्षर कोणाचें, मिति कोणती, कोणास उद्देशून लिहिला, हें टिपावें; असंबद्ध वाटणारी ओळ सुधारूं नये, गाळूं नये; आणि वंशज हयात असतील तर त्यांच्या संमतीवांचून नांव छापूं नये. अपपाठ भासणारा शब्दही आपण पोथींत जसाच्या तसा राखतों, कारण अर्थ उद्यां लागेल अशी आशा असते. जो न्याय आपण पोथीस देतों, तो मनुष्यास नाकारण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.