बाळाच्या वस्तूंवर जीएसटी किती? कशावर शून्य, कशावर ५ टक्के, कशावर अजूनही १८, सविस्तर माहिती

घरात बाळ आलं की दर महिन्याचा किराणा वाढतो. डायपर, साबण, पावडर, वरचं खाणं, थोडं मोठं झालं की पाटी-पेन्सिल. या वस्तूंवरचे जीएसटीचे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलले आहेत. मात्र 'लहान मुलांच्या वस्तूंवरचा टॅक्स माफ झाला' असं जे सर्रास बोललं जातं, ते पूर्ण खरं नाही. काही मोजक्या वस्तूंवरच कर शून्य आहे, बऱ्याच वस्तूंवर तो कमी झालाय आणि काहींवर जसाच्या तसा आहे.

कशावर कर शून्य?

- सुटं ताजं दूध आणि पिशवीतलं पाश्चराइज्ड दूध (आधीपासूनच शून्य). बरेच दिवस टिकणारं, पुठ्ठ्याच्या डब्यातलं यूएचटी दूध (आधी ५ टक्के)
- वह्या, पेन्सिल, शार्पनर, रंगीत खडू (आधी १२ टक्के) आणि खोडरबर (आधी ५ टक्के)
- पाटी, पाटीवरची पेन्सिल, छापील पुस्तकं, मुलांची चित्रांची व रंग भरायची पुस्तकं (आधीपासूनच शून्य)
- डबीतलं काजळ (आधीपासूनच शून्य). काजळ पेन्सिलला ही माफी नाही.

कशावर ५ टक्के?

- डायपर, बाळाचे नॅपकिन, दुधाची बाटली (आधी १२ टक्के)
- डब्यातलं बाळाचं तयार धान्याचं खाणं (आधी १८ टक्के)
- अंगाला लावायची पावडर, केसांचं तेल, शाम्पू, साबणाची वडी, टूथपेस्ट, ब्रश (आधी १८ टक्के)
- ताप मोजायचा थर्मामीटर (आधी १८ टक्के)
- साधी खेळणी, तीनचाकी सायकल (आधी १२ टक्के)
- २,५०० रुपयांपर्यंतचे कपडे. तेवढ्याच किमतीपर्यंतची चप्पल-बूट.

कशावर अजूनही १८ टक्के?

बेबी लोशन, क्रीम, बाटलीतला पातळ साबण म्हणजे बॉडी वॉश आणि इलेक्ट्रॉनिक खेळणी. म्हणजे एकाच कंपनीच्या साबणाच्या वडीवर ५ आणि पातळ साबणावर १८ टक्के कर आहे.

किंमत किती कमी व्हायला हवी?

एमआरपीमध्ये सगळे कर धरलेले असतात. समजा डायपरच्या पाकिटाची जुनी एमआरपी ५६० रुपये होती. त्यात ५०० रुपये वस्तूचे आणि ६० रुपये कर. आता ५ टक्क्यांनी कर २५ रुपये होतो, म्हणजे पाकीट ५२५ ला मिळायला हवं. फरक ३५ रुपयांचा.

बाळाच्या खाण्याचा डबा ३५४ रुपयांचा असेल, तर त्यात १८ टक्क्यांप्रमाणे ५४ रुपये कर होता. आता तो १५ रुपये होऊन डबा ३१५ ला यायला हवा.

शून्य कराच्या वस्तूंचा हिशेब थोडा वेगळा आहे. वही करमुक्त असली तरी ती बनवताना कच्चा माल, छपाई, वाहतूक यांवर भरलेला कर कारखानदाराला सरकारकडून परत वळता करून घेता येत नाही. तो खर्च तो वहीच्या किमतीत धरू शकतो. त्यामुळे १२ टक्के कर गेला तरी किंमत तेवढीच उतरेल असं नाही.

दुकानात काय तपासायचं?

- एमआरपीच्या वर 'जीएसटी वेगळा' म्हणून एक रुपयाही घेता येत नाही.
- पाकिटावर जुनी किंमत असेल तर सुधारित किमतीचं स्टिकर आहे का ते बघा. नोंदणीकृत दुकानदाराने माल जुन्या दराने भरला असला, तरी विकताना नवा दरच लावायचा असतो.
- गावातल्या अनेक छोट्या दुकानदारांची जीएसटी नोंदणी नसते. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर फक्त माल विकणाऱ्याला सहसा ती लागतही नाही. असा दुकानदार बिलावर जीएसटी लावू शकत नाही. कंपोझिशन योजनेतल्या दुकानदारालाही तो वेगळा घेता येत नाही.
- बिल मागा. बिलाशिवाय तक्रार टिकणं अवघड जातं. पाकिटाचा किंमत छापलेला भाग जपून ठेवा.

तक्रार कुठे?

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करता येतो, कॉल मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. एमआरपीपेक्षा जास्त पैसे घेतले तर जिल्ह्याच्या वैधमापन शास्त्र कार्यालयात, म्हणजे लोक ज्याला वजनमापे ऑफिस म्हणतात तिथे, तक्रार देता येते.

स्वस्त झालं म्हणून बाटली नको

दुधाची बाटली आणि डब्यातलं खाणं स्वस्त झालं, तरी पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध हाच डॉक्टरांचा सल्ला आहे. दुधाची पावडर, बाटली आणि दोन वर्षांखालच्या बाळाचं डब्यातलं खाणं यांच्या जाहिरातीवर १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. विक्री वाढवण्यासाठी फुकट नमुने वाटायलाही मनाई आहे. सहा महिन्यांनंतर आईच्या दुधासोबत मऊ भात, वरण, नाचणीची पेज असं घरचं खाणं सुरू करता येतं. अडचण असेल तर आशाताई किंवा अंगणवाडी सेविकेला विचारावं.