खाडी आणि हद्द : कोपर परिसराचा भूगोल व नागरी कारभार

प्रस्तुत लेखात कोपर परिसराची भौगोलिक घडण आणि तेथील नागरी कारभाराच्या बदलत्या हद्दी यांचा परस्परसंबंध तपासण्याचा प्रयत्न केला आहे. मध्य रेल्वेवर दिवा व डोंबिवली यांच्या दरम्यान कोपर स्थानक असून दिवा-वसई मार्ग येथे मुख्य मार्गाला वरून छेदतो. दिवा ठाणे महानगरपालिकेत, तर कोपर कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेत मोडते. गाडीतील प्रवाशास ही हद्द जाणवत नाही. पाण्यासही जाणवत नाही.

उल्हास नदी सह्याद्रीत उगम पावून कर्जत, बदलापूरवरून कल्याणला येते. काळू व भातसा यांचे पाणी कल्याणच्या आसपास तिला मिळते आणि पुढे तिची खाडी होते. कोपर या खाडीकाठच्या सखल पट्ट्यात आहे. खाजण, खारफुटी व मूळची भातशेती ही या पट्ट्याची लक्षणे होत. हवा उष्ण व दमट. वार्षिक पर्जन्यमान अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास असून त्यातील बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. अतिवृष्टी व भरती एकाच वेळी आल्यास पाण्याचा निचरा खुंटतो, ही बाब येथील सर्व नागरी प्रश्नांच्या मुळाशी आहे.

प्राचीन काळी खाडी हेच या प्रदेशाचे वैभव होते. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणचा उल्लेख येतो, तसाच तो ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनातही येतो. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यानंतर शिवाजी महाराजांनी याच खाडीत आरमाराचा पाया घातला. परंतु १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत व १८५४ मध्ये कल्याणपर्यंत रेल्वे आली आणि वस्तीचे तोंड रुळांकडे वळले. खाडी मागीलदारी गेली.

हद्दींचा इतिहास मात्र अलीकडचा व गुंतागुंतीचा आहे. १९८३ मध्ये कल्याण-डोंबिवली महानगरपालिका स्थापन झाली. तीत समाविष्ट असलेले अंबरनाथ १९९२ मध्ये वेगळे झाले. डोंबिवलीलगतची २७ गावे २००२ मध्ये वगळण्यात आली, २०१५ मध्ये पुन्हा घेण्यात आली. मार्च २०२० मध्ये त्यांपैकी १८ गावे वगळण्याचा निर्णय शासनाने घेतला. तो मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या डिसेंबरात रद्द ठरविला. या वादात करआकारणी, बांधकाम परवानग्या व निवडणुका यांची चर्चा पुष्कळ झाली. नाले कोठून येतात व कोठे जातात, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला, असे आमचे मत आहे. ज्या गावांवरून पावसाचे पाणी शहरात उतरते, ती तेरा वर्षे शहराच्या नियोजनाबाहेर होती. दरम्यान तेथे इमारती उभ्या राहतच होत्या.

२०११ च्या जनगणनेनुसार महानगरपालिकेची लोकसंख्या १२.४७ लाख होती. त्यावेळचा अविभाजित ठाणे जिल्हा १.१० कोटी लोकसंख्येसह देशात सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता; १ ऑगस्ट २०१४ रोजी त्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. उल्हासचे खोरे मात्र आजही कर्जतसह रायगड जिल्ह्यात सुरू होते आणि ठाणे-पालघरच्या सीमेवर वसईच्या खाडीत संपते. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईतील मिठी नदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. उल्हासच्या काठी २७ जुलै २०१९ रोजी वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली, सुमारे एक हजार प्रवाशांची सुटका करावी लागली आणि तेच पाणी पुढे कल्याण-डोंबिवलीच्या खाडीकडे वाहत आले.