शौचास झाली, म्हणून थांबलो

हा कुणा एका रुग्णाचा अहवाल नाही. अर्धवट अडलेलं आतडं हातचं कसं जातं, हे कळावं म्हणून असे अनेक प्रसंग एकत्र करून मांडलेला हा घटनाक्रम आहे.

रात्री ९. सुरगाणा तालुक्यातलं घर. बाईंचं गर्भपिशवीचं ऑपरेशन जुनं. पोटात कळ येते, जाते. हिरवी उलटी. घरचे एरंडेल पाजतात. वाट अरुंद झालेली, तिच्यावर मागून आणखी जोर.

सकाळी ६. नाशिक. उभ्याने काढलेल्या एक्स-रेत आतड्यातल्या पाण्याच्या पातळ्या जिन्याच्या पायऱ्यांसारख्या दिसतात. तोंडाने सगळं बंद, नाकातून रायल्स ट्यूब, सलाईन, लघवीची नळी. पचनमार्गात रोज सात-आठ लिटर स्राव येतो. तो अडून राहिला की शरीर आतल्या आत कोरडं पडतं. जांघेत हर्निया नाही ना, तेही पाहिलं. इथवर सगळं चोख झालं.

दुपारी १. सीटी स्कॅन: जुन्या ऑपरेशननंतर आतडी चिकटलेली, अडथळा अर्धवट. नळीतून गॅस्ट्रोग्राफिन, म्हणजे एक्स-रेत दिसणारं द्रव, दिलं. ते २४ तासांत मोठ्या आतड्यात पोचलं, तर बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. वाट पाहणं हाही उपचारच आहे, पण त्यात दर काही तासांनी पोटावर हात पडला पाहिजे, शक्यतो त्याच डॉक्टरचा.

रात्री ८. "मावशी, वारा सरला का?" वारा नाही, पण पातळ शौचास झाली. सून म्हणते, "सिस्टर, आत्याबाईंना आता बरं वाटतंय." केसपेपरवर नोंद होते, गॅस्ट्रोग्राफिन कुठवर गेलं ते पाहायचा रात्रीचा एक्स-रे उद्यावर जातो. मला सगळ्यात जास्त भीती याच नोंदीची वाटते. अडथळ्याच्या खाली उरलेला मळ बाहेर पडतो, अर्धवट अडथळ्यातून पाणीही झिरपतं. तेवढ्यावरून वाट मोकळी झाली असं धरता येत नाही.

रात्री ११. नाडी ९२ वरून ११८. कळ येऊन-जाऊन नाही, आता दुखणं सलग. म्हणजे आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असावा. सर्जनला उठवायची वेळ हीच होती. त्याऐवजी दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं गेलं.

पहाटे ३. ताप. पोट ताठ, हात लावू देत नाही.

सकाळी ७. ऑपरेशन. चिकटलेली पट्टी कापली की तिच्याभोवती आतड्याला पडलेला वळसा लगेच सुटतो. पण त्यातलं आतडं काळं पडलंय, एका जागी फुटलंय. तो भाग काढून टाकावा लागतो. रक्तदाब इतका खाली, की टोकं जोडणं धोक्याचं. ती पोटावर बाहेर काढून ठेवतात आणि बाईंना व्हेंटिलेटरवर आयसीयूत हलवतात.