यंत्र मालकाचं, शब्द कुणाचे?

नोकरीला लागलेली आपली मुलं-मुली हल्ली कंपनीनं दिलेल्या लॅपटॉपवरच स्वतःची ईमेलही उघडतात. बँकेचा हिशेब, डॉक्टरांचा रिपोर्ट, घरातली भांडणं, सगळं त्याच पडद्यावर. यंत्र मालकाचं आहे, मग त्यावर लिहिलेलं वाचायचा हक्कही मालकाचाच का? हा प्रश्न संगणकाच्या आधीचा आहे. आणि तो कोर्टापर्यंत नेणाऱ्यांत बायका होत्या, हे मला विशेष वाटतं.

ॲलिसन हॅलफर्ड या १९८३ मध्ये इंग्लंडमधल्या मर्सीसाइड पोलीस दलात असिस्टंट चीफ कॉन्स्टेबल झाल्या. पुढे बढती वारंवार नाकारली गेली, तेव्हा बाई म्हणून डावललं जातं अशी तक्रार त्यांनी १९९० मध्ये केली. त्यांच्या ऑफिसात दोन टेलिफोन होते, त्यातला एक खासगी बोलण्यासाठीच दिलेला. तक्रारीच्या काळात ते फोन चोरून ऐकले गेले. सरकारचं म्हणणं असं, की फोन खात्याचा, त्यात खासगी काय? स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं जून १९९७ मध्ये हे मानलं नाही. ऐकलं जाईल याची कल्पनाच बाईंना दिली नव्हती, मग बोलणं खासगी राहील असं त्यांनी धरून चालणं रास्तच होतं.

दुसरी बाई वेल्समधल्या एका कॉलेजात प्राचार्यांची सहायक होती. तिचे फोन, ईमेल आणि इंटरनेट यांच्यावर नजर ठेवली गेली. कॉलेज म्हणालं, आम्ही मजकूर वाचला नाही, फक्त कुणाला, केव्हा, किती वेळ एवढंच पाहिलं. पण कुणाशी किती वेळ बोललो, यावरूनही माणसाचं अर्धं आयुष्य कळतं की! एप्रिल २००७ मध्ये त्याच न्यायालयानं निकाल तिच्या बाजूनं दिला.

तिसरी अमेरिकेतली. नोकरी सोडण्याआधी तिनं कंपनीच्याच लॅपटॉपवरून, पण स्वतःच्या पासवर्डच्या याहू खात्यातून वकिलाला पत्रं लिहिली. त्यांच्या नकला लॅपटॉपच्या पोटात राहिल्या होत्या. कंपनीनं तज्ज्ञ लावून त्या काढल्या आणि तिच्या वकिलांनी वाचल्या. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये सांगितलं, ही पत्रं तिची आणि तिच्या वकिलाची.

मालकाची बाजू खोटी आहे असं नाही. कामाच्या वेळेत गप्पा, धंद्याची गुपितं बाहेर जाणं, हे होतंच. खाल्ल्या मिठाला जागावं, हे आपण मुलांना शिकवतोच. रोमानियातल्या बर्बुलेस्कू खटल्यात हाच पेच होता. मेसेंजरवर भावाशी आणि वाग्दत्त वधूशी बोलला म्हणून २००७ मध्ये नोकरी गेली. मालकानं त्या गप्पांची पंचेचाळीस पानं काढून ठेवली होती. २०१६ मध्ये स्ट्रासबुर्गला तो हरला. ५ सप्टेंबर २०१७ रोजी मोठ्या पीठासमोर अकरा विरुद्ध सहा मतांनी जिंकला. खासगी वापराला बंदी आहे, हे त्याला माहीत होतं. पण नजर किती खोलवर जाईल, मजकूरही वाचला जाईल, हे आधी सांगितलं नव्हतं. नजर ठेवायला कारण लागतं, सांगावं लागतं आणि गरजेपुरतंच पाहावं लागतं, असा त्या निकालाचा अर्थ.

त्याच्या बाराच दिवस आधी, २४ ऑगस्ट २०१७ ला, आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पण तो मुख्यतः सरकारविरुद्धचा. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या २०२३ च्या कायद्यात तर नोकरीच्या कारणासाठी, मालकाचं नुकसान टाळण्यासाठी, नोकराच्या संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा आहे. म्हणजे आपल्याकडे दार बरंच किलकिलं राहिलं आहे.

या चारही माणसांनी मालकाचं यंत्र मागितलं नव्हतं. आमच्यावर नजर ठेवायची तर निदान आम्हाला ठाऊक असू द्या, एवढंच त्यांचं मागणं. आपल्याकडचं कुणी असा खटला लढेपर्यंत मुलांनी घरचं पत्र घरच्या फोनवर लिहावं, आणि नोकरीच्या करारातली ती बारीक अक्षरं सही करण्याआधी वाचावीत.