दहा राग आणि डिस्कोचा ठेका

गेल्या शनिवारी रात्री हापिसात रिलीज होतं. म्हणजे बिल्ड टाकायचा, पडद्याकडे बघत बसायचं आणि काही कोसळत नाही ना यावर लक्ष ठेवायचं. अशा वेळी मी हेडफोन लावून काहीतरी ऐकत बसतो. टीममधल्या एकाने लिंक पाठवली आणि खाली एवढंच लिहिलं, "अ‍ॅसिड हाउसचा शोध मुंबईत लागला. ऐक."

ऐकलं. पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी परवा लॅपटॉपवर बनवलेलं असणार. मग साल बघितलं. १९८२!

तर मंडळी, आजचा विषय चरणजीत सिंग. आणि त्यांच्याबद्दल सगळीकडे सांगितली जाणारी ती 'शोधाची' गोष्ट, जी मला निम्मीच पटते.

आधी माणूस. चरणजीत सिंग हे मुंबईच्या हिंदी सिनेसंगीतातले वादक. गिटार, बेस, व्हायोलिन, की-बोर्ड, काम पडेल ते वाजवायचे. 'दम मारो दम' (१९७१) मधला ट्रान्झिकॉर्ड त्यांचा. ट्रान्झिकॉर्ड म्हणजे थोडक्यात विजेवर चालणारं अ‍ॅकॉर्डियन. ते गाणं आपल्याला पाठ आहे, आर. डी. बर्मन आणि आशा भोसले ही नावंही पाठ आहेत. पण वादक कोण, हे किती जणांनी कधी विचारलं? सिनेमात अशी माणसं शेकड्यांनी होती. सकाळी स्टुडिओत जायचं, समोरचं नोटेशन वाजवायचं, पैसे घ्यायचे आणि पुढच्या रेकॉर्डिंगला पळायचं. याशिवाय सिंग यांचा स्वतःचा ऑर्केस्ट्रा होता, ते लग्नांत वाजवायचे, सिनेगाण्यांच्या धून वाजवून त्यांच्या रेकॉर्डही काढायचे.

आता यंत्रं. इलेक्ट्रॉनिक वाद्य आपल्या सिनेमाला नवं नव्हतं. 'नागिन' (१९५४) मधली ती प्रसिद्ध बीन खरी बीन नव्हेच. ते क्लेव्हायोलिन नावाचं इलेक्ट्रॉनिक वाद्य होतं आणि वाजवणारे होते कल्याणजी (पुढे कल्याणजी-आनंदजी मधले). पण तिथे यंत्राचं काम काय? दुसऱ्याचं सोंग घेणं. बीन वाटली पाहिजे, बस्स.

ऐंशीच्या सुरुवातीला रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रं बाजारात आली. ज्युपिटर-८ हा एका वेळी आठ स्वर वाजवू शकणारा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ ही छोटीशी बेसची पेटी. एकट्या गिटारवाल्याला साथ मिळावी म्हणून ३०३ बनवली होती. तिच्यात स्वर आधी भरायचे आणि त्यांच्या वेळा वेगळ्या भरायच्या. भयंकर किचकट प्रकार. बेसगिटारसारखी तर ती कधीच वाजली नाही. फार खपली नाही आणि १९८४ मध्ये कंपनीने बंदच केली.

सिंग यांनी ही यंत्रं सिंगापूरहून आणली. सिनेमात तेव्हा डिस्कोची लाट होती. त्यांच्या डोक्यात आलं, तबला बाजूला ठेवावा, ठेका डिस्कोचा घ्यावा आणि वर राग वाजवावेत. भैरवी, ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. दहा राग, प्रत्येकी पाचेक मिनिटं. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने रेकॉर्ड काढली, 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टु अ डिस्को बीट'. ती पडली. शास्त्रीयवाल्यांना डिस्को नको होता आणि डिस्कोवाल्यांना राग नको होते. (हे दुसरं वाक्य माझा अंदाज, पण तुम्हीही हाच केला असता :)

आता माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. राग यंत्रात भरणं म्हणजे काय? यंत्राकडे सप्तकात मोजून बारा स्वर, समान अंतरावर. भूपात पाचच स्वर, तो आरामात बसतो. ललतमध्ये दोन्ही मध्यम लागोपाठ येतात, तेही यंत्राला जमतं. पण तोडीचा गंधार नेहमीच्या कोमल गंधाराहूनही खाली लागतो, तो या बारात नाहीच. मींड? ती ३०३ मध्ये आहे. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय तिच्यात मुळातच दिलेली आहे. त्यामुळे खाली ती घोळवत राहते, वर ज्युपिटरवर राग चालतो, आणि कान एका क्षणी मान्य करतात की हा राग आहे. सगळीकडे नाही, पण बऱ्याच ठिकाणी. मुख्य म्हणजे इथे यंत्र कुणाचंही सोंग घेत नाही. ते यंत्रासारखंच वाजतं.

तिकडे शिकागोमध्ये बंद पडलेली ३०३ जुन्या बाजारात स्वस्तात मिळायला लागली. 'फ्यूचर' नावाच्या तीन पोरांच्या गटाने ती घेतली, वाजत असतानाच तिची बटणं पिरगाळली आणि १९८७ मध्ये 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' ही रेकॉर्ड आली. तिथून अ‍ॅसिड हाउस नावाचा संगीतप्रकार जगभर गेला.

२००२ मध्ये एडो बाऊमन या डच संग्राहकाला सिंग यांची रेकॉर्ड दिल्लीत सापडली. २०१० मध्ये त्याने ती पुन्हा प्रकाशित केली आणि गहजब झाला. काहींना तर ही चक्क थाप वाटली. मग मथळे आले, 'अ‍ॅसिड हाउसचा खरा जनक'. म्हाताऱ्या सिंगसाहेबांना युरोपात बोलावणी आली, तीच जुनी यंत्रं घेऊन ते तरुण पोरांसमोर वाजवून आले. जुलै २०१५ मध्ये मुंबईत ते गेले.

मला न पटणारा भाग हा. शिकागोच्या पोरांनी ही रेकॉर्ड ऐकली होती याचा काहीही पुरावा नाही. तेच यंत्र दोन ठिकाणी पोचलं, म्हणून आवाज सारखा आला. आणि 'पहिला' म्हणायचं तर अहमदाबादच्या एनआयडीत १९६९ मध्येच मूग सिंथेसायझर आला होता, तिथेही प्रयोग झाले होते. 'जनक' म्हटलं की आपण सिंग यांना दुसऱ्यांच्या गोष्टीतलं पहिलं पान करून टाकतो. त्यांचा प्रश्न वेगळाच होता. या डब्यात मालकंस बसतो का? बसवला तर नाचता येईल का? त्याचं उत्तर त्यांनी दहा वेळा दिलं. आयुष्यभर दुसऱ्यांचं नोटेशन वाजवलेल्या माणसाने एकदा स्वतःला वाटलं म्हणून काहीतरी केलं. ते कुणी पुढे नेलं नाही, याचं मला शिकागोच्या श्रेयापेक्षा जास्त वाईट वाटतं.

रविवारी माझ्या लहानपणीच्या पेटीच्या सरांकडे गेलो. इंजिनिअरिंगला लागल्यावर माझी पेटी सुटली, त्यामुळे जाताना जरा अपराधीच वाटतं. आकाशवाणीने १९४० पासून तीसेक वर्षं पेटीला बंदी घातली होती, कारण हेच, बारा ठोकळ्यांत राग मावत नाही. सर हे अजून रागाने सांगतात. त्यांना मोबाईलवर तोडी ऐकवली. दोन मिनिटांत हात वर केला.

"ही तोडी नव्हे रे. गंधार कुठाय?"

मग मधुवंती लावली. सर काही बोलले नाहीत. बोटं मात्र खुर्चीच्या हातावर चालायला लागली. संपल्यावर म्हणाले, "कोण म्हणालास हा? सरदार? परत लाव."