झोपेचा हिशेब

झोप येत नाही म्हटलं, की आपल्याकडे कोणी गरम दूध सांगतं, कोणी काशाच्या वाटीने तळपाय घासून देतं आणि शेवटी डॉक्टर गोळी लिहून देतात. आज मला सांगायचं आहे ते अशा एका उपचाराबद्दल, ज्यात गोळी नाही आणि गेल्या वीसेक वर्षांत अनेकदा समोर डॉक्टरही नसतो.

सुरुवात १९७२ मधली. पावलॉवच्या कुत्र्याची गोष्ट आपण शाळेत शिकलो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी त्याच वाटेने विचार केला. जो माणूस महिनोन्महिने अंथरुणात पडून पैशांचे हिशेब आणि उद्याच्या काळज्या उगाळतो, त्याला अंथरूण पाहूनच जाग येऊ लागते. मग नियम ठरले. पेंग आल्याशिवाय आडवं व्हायचं नाही, झोप लागेना तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं, सकाळी ठरल्या वेळी उठायचंच आणि दुपारी झोपायचं नाही. वामकुक्षीवर वाढलेल्या आपल्याला शेवटचा नियम जडच. आणि एकाच खोलीत पाच माणसं झोपतात, तिथे दुसरी खोली आणायची कुठून?

१९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या आर्थर स्पीलमन आणि सहकाऱ्यांनी त्याहून उफराटं सांगितलं. झोप कमी आहे ना, मग अंथरुणातला वेळही कमी करा! आठ तास पडून पाचच तास झोप होते, असं डायरी सांगत असेल तर पाचच तास पडायचं. पाच दिवसांच्या सरासरीत त्या वेळाच्या ९० टक्के झोप झाली, की पंधरा मिनिटं वाढवून मिळणार. पहिले दिवस फार कठीण जातात. वाहन चालवणाऱ्यांनी किंवा फेफऱ्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. यालाच पुढे ‘आज झोपलो नाही तर उद्या सगळं कोसळेल’ अशा समजुती तपासण्याची जोड मिळाली. कॅनडाच्या चार्ल्स मोरिन यांच्या १९९३ च्या पुस्तकात या सगळ्याची नीट मांडणी आहे. कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी म्हणतात ती ही.

अडचण एकच, हे शिकवणारी माणसं थोडी आणि जागणारे अगणित. पण रोजची डायरी, सरासरी, टक्केवारी ही कामं तर संगणकाच्या हातचा मळ! २००४ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी १०९ जणांवर इंटरनेटवरून पाच आठवड्यांचा प्रयोग केला. झोप सुधारली, पण नुसती वाट पाहत ठेवलेल्या गटाचीही थोडी सुधारली. जवळजवळ एक चतुर्थांश लोकांनी मधेच सोडून दिलं. मला हा निकाल प्रामाणिक वाटतो. एकट्याने, कोणी विचारणारं नसताना, रात्री दोन वाजता उबदार अंथरूण सोडणं सोपं नाही.

खरी परीक्षा २०१२ मधली. ग्लासगोचे कॉलिन एस्पी आणि सहकाऱ्यांनी १६४ प्रौढांचे तीन गट केले. एकाला इंटरनेटवरचा खरा उपचार दिला, दुसऱ्याला तसाच दिसणारा पण लटका कार्यक्रम, तर तिसऱ्याचे नेहमीचे उपचार चालू ठेवले. खरा उपचार सरस ठरला. त्यांच्या ‘स्लीपिओ’मध्ये धडे देणारे एक चित्रातले प्रोफेसर आहेत आणि त्यांच्या कुत्र्याचं नाव पावलॉव!

२०१६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने जुनाट निद्रानाश असलेल्या सर्व प्रौढांना गोळीआधी हा उपचार द्यावा, असं सांगितलं. २०२२ मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने झोपेच्या गोळ्यांना पर्याय म्हणून स्लीपिओची शिफारस केली. अमेरिकेत २०२० मध्ये ‘सॉमरिस्ट’ या अशाच कार्यक्रमाला सरकारी मान्यता मिळाली होती. डॉक्टरांनी गोळीसारखाच तो चिठ्ठीवर लिहून द्यायचा. पण विम्याचे पैसे पुरेसे मिळेनात. २०२३ च्या एप्रिलमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि तिची मालमत्ता लिलावात विकली गेली.